कुमुद, मी सांगून टाकलं

कुमुद गो, तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी आले होते. तुझ्या घराचा जिना मी पहिल्यांदाच चढले. इतक्या वर्षांची आपली दोस्ती, आणि तुझं दार मी कायम खालच्या रस्त्यावरूनच बघितलेलं. दारात चपलांचा ढीग होता. आत तुझा फोटो, हार, उदबत्ती. फोटो कुठला लावलाय माहितेय? शाळेतल्या निरोप समारंभाचा, तोंड मिटून बसलेला. मी नमस्कार केला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. तेवढ्यात तुझी कोण चुलत नणंद हळूच जवळ आली आणि म्हणाली, "आपण कोण?"

केवढासा प्रश्न. पण माझी बोबडीच वळली. मी तुझी शेजारीण नाही, नात्यातली नाही, शाळेतली नाही, भजनी मंडळातली तर नाहीच नाही. आपली आळी वेगळी, जात वेगळी, स्वयंपाकघरं तर पार वेगळी. खरं उत्तर एकच होतं, की आम्ही दोघी सकाळी खडपात, समुद्रकाठच्या खडकांवर बसून गरवतो, पाण्यात गरी टाकून मासे पकडतो. ते उत्तर दिलं असतं तर माझ्याबरोबर तुझीही ओळख करून द्यावी लागली असती. आणि तुझ्या घरात तर अंड्याचं नाव काढलं तरी लोक खिडक्या उघडतात. मी म्हटलं, "ओळखीची."

ओळखीची! दूधवाला ओळखीचा असतो, औषधाच्या दुकानातला पोरगा ओळखीचा असतो. जिना उतरताना मला इतका संताप आला की चप्पल दुसऱ्याची घालून निघाले आणि नाक्यावरून परत यावं लागलं. नीट रडायलाही मिळालं नाही मला तुझ्या घरी. ओळखीच्या बाईने किती रडायचं असतं?

आता घरी बसून तुझ्याशी भांडते आहे. तू उत्तर देणार नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून काही मी गप्प बसणार नाही.

पहिल्या दिवसापासून भांडणच की आपलं. मी खडपावर बसले होते. गरीला कोळंबी लावलेली, दोर पाण्यात, अर्धा तास झाला तरी हू नाही की चू नाही. मागे बघते तर ही बाई उभी. कडक इस्त्रीची साडी, खाली पांढरे बूट, फिरायला आलेली. बघत राहिली, बघत राहिली, आणि मग म्हणते कशी, "तुमची गरी फार खाली गेलीय. आत्ता बोय मासळी वर फिरतेय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी हर्ण्याची. माझी आई संध्याकाळच्या लिलावात टोपली डोक्यावर घेऊन मोठमोठ्या व्यापाऱ्यांशी भांडायची. सासरी दोन होड्या. आणि ही वरणभात खाणारी मला मासे शिकवणार! मी म्हटलं, "बाई, तुम्ही खाता का मासे?" तू म्हणालीस, "छे." "मग तुम्हाला काय ठाऊक?" तर तू शांतपणे शेजारच्या दगडावर पदर खोचून बसलीस आणि म्हणालीस, "दोर द्या जरा."

त्या दिवशी तुझी गोष्ट कळली. संगमेश्वराकडच्या खाडीकाठचं तुझं माहेर, तुझे वडील मास्तर, आणि घरामागे तरीवाल्याची झोपडी. तो होडीतून माणसं पलीकडे सोडायचा आणि मधल्या रिकाम्या वेळात बांबूच्या काठीने गरवायचा. त्याने तुला शिकवलं. परकर वर खोचून चिखलात बसणारी मास्तरांची पोर. लग्न झालं आणि काठी सुटली. मग सावर्ड्याला नोकरी, मग रत्नागिरी, मुलं, शाळा, सासू, सासऱ्यांचं आजारपण. निवृत्त झालीस त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात डॉक्टरने फिरायला सांगितलं, आणि फिरत फिरत तू माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिलीस. म्हणालीस, "मला वाटलं होतं हात विसरला असेल." हात कसला विसरतोय!

माझंही वेगळं नव्हतं म्हणा. आमच्या घरात मासे पकडणं म्हणजे काम. दिवसभर कचेरीत कारकुनी करायची आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने गरी घेऊन बसायचं, ही आमच्या लोकांत वेडाचीच गोष्ट. हे मला म्हणायचे, "बाजारातले मासे संपले काय गो?" दारात होडी भरून म्हावरं येतंय आणि बायको दोन बोटांएवढ्या माशासाठी उन्हात बसलीय. त्यांना कधी समजलंच नाही की मला मासा नको होता. मला तो झटका हवा होता. दोर बोटावर असताना खालून कोणीतरी विचारतं ना, आहेस का म्हणून, तो. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू नुसती मान हलवलीस. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

पण तुझ्या तऱ्हा! कोळंबीला हात लावणार नाहीस. कणकेच्या गोळ्या लावणार. कणकेत हळद, हिंग आणि गोळी पाण्यात सुटू नये म्हणून कापसाचे धागे. हिंग म्हणे माशांना आवडतो. मी म्हटलं, "तुमच्यातले असतील ते." आणि गरीला जो उलटा काटा असतो, ज्याच्यामुळे मासा सुटत नाही, तो तू नखं घासायच्या कानशीने घासून गुळगुळीत करायचीस. मासा आला की हलक्या हाताने सोडवायचा आणि परत पाण्यात. करार ठरला आपला. तुझ्या दोराला आला तो परत जाणार, माझ्या दोराला आला तो माझ्या कालवणात.

आणि देवाची करणी बघ, यायचे सगळे तुझ्याच दोराला.

तो पालू मासा आठवतो? आठवत नसेल तर मी आठवण करून देते, मला काही तो विसरता आलेला नाही. तोपर्यंत आपण एकमेकींना अहोजाहो करत होतो. तुझी काठी कमानीसारखी वाकली आणि मी ओरडले, "अगो सोड, सोड दोर, तुटेल!" तिथेच अहो संपलं. दोघींनी मिळून वर काढला. हा एवढा, हाताच्या कोपरापर्यंत येईल असा, उन्हात नुसता चकाकतोय. अशा पालूसाठी बाजारात मारामारी होते. मी पिशवी उघडून धरली. तू त्याच्या तोंडातून गरी काढलीस, दोन्ही हातांनी पाण्यात धरलास, जरा दम घेऊ दिलास आणि सोडलास. मी किंचाळले. "समुद्राने दिलेलं परत करतात काय कधी? माजलीस तू!" तू म्हणालीस, "मी खात नाही, मग मारू कशाला?" "मी खाते ना!" "मग तू पकड."

मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू आलीस ती माझ्यासाठी आंबोळ्या घेऊन. मी खाल्ल्या, पण त्या पालूबद्दल तुला माफ केलेलं नाही. आजही नाही. हे आपलं भांडण अर्धंच राहिलंय, आणि खरं सांगू, ते मिटलं नाही हे बरंच झालं.

दुसरं भांडण मात्र मिटायला हवं होतं. तू घरी सांगायची नाहीस, ते.

घरी तू 'फिरायला' जायचीस. कणकेचा डबा पर्सच्या तळाशी. काठी माझ्याकडे ठेवलेली. हात लिंबाने धुवायचे, मग साबणाने, मग पुन्हा लिंबाने. एकदा डबा फ्रिजमध्ये विसरलीस आणि अनुजाने त्या कणकेच्या पोळ्या केल्या. बिचारी सून, सासूने मळून ठेवलीय म्हणून खूश. सगळे जेवायला बसले आणि मिलिंद म्हणाला, "आई, पोळीत धागे कसले?" आणि तू, कुमुद, मुख्याध्यापिका बाई, काय म्हणालीस? "पौष्टिक असतं." पौष्टिक! दुसऱ्या दिवशी मला हे सांगताना तू दगडावरून घसरायची बाकी होतीस. मी हसता हसता रडले. पण घरी जाताना मला वाईटही वाटलं. अख्ख्या घराला कापूस खायला घालशील, पण खरं बोलणार नाहीस.

हातखंब्याला तर मी तुझ्यावर चिडलेच होते. हायवेच्या कडेच्या टायरवाल्याकडे चाकाला लावायचे शिशाचे तुकडे पडलेले असतात, ते दोराला वजन म्हणून छान बसतात, ही माहिती तूच कुठून तरी काढलेलीस. एसटीने गेलो. टायरवाल्याने मूठभर तुकडे दिले आणि विचारलं, "आजी, ह्येचा काय करतलाव?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "पेपर उडू नयेत म्हणून ठेवायला." त्या परक्या माणसाला! जो तुला जन्मात पुन्हा भेटणार नव्हता! परतीच्या गाडीत मी तुला विचारलं, "कुमुद, कोणाची चोरी आहे काय गो? छंद विचारला की वाचन आणि विणकाम सांगतेस. विणकाम! तू शेवटचा स्वेटर मिलिंदच्या मुंजीत विणलास. जे तुझं आहे ते सांगत का नाहीस?"

तू तिकिटाची बारीक घडी घातलीस. मग म्हणालीस, "शालन, घरात माझं सगळं सगळ्यांचं आहे. पेन्शन, वेळ, खोली, देवघर, दुखणंसुद्धा. सांगितलं की हेही सगळ्यांचं होईल. कोणी हसेल, कोणी नावं ठेवेल, कोणी उन्हात जाऊ नको म्हणेल. एवढं माझं राहू दे."

याचं उत्तर मला सुचलं तुझ्या जिन्यावर, त्या नणंदेने विचारल्यावर. तुझं एकटीचं नव्हतं ते, बाई. अर्धं माझं होतं.

माझ्याकडे दुसरं आहे काय सांगायला? कचेरीतली खुर्ची गेली. ह्यांच्या नावाने मला लोक ओळखायचे, ते गेले. मुलगा मुंबईला, तो फोनवर आई म्हणतो तेवढ्यापुरती मी आई. मी कोण असं कोणी विचारलं तर माझ्यापाशी एकच गोष्ट उरली आहे जी मी लहानपणापासून आजवर सोडली नाही, आणि तिच्यात तू बसलेली आहेस, पांढरे बूट काढून, पाय पाण्यात सोडून. तुला वगळून मी माझं नाव तरी कसं सांगू?

हे गेले तेव्हाचं तर मी कधी बोललेच नाही तुझ्याशी. लोक येत होते, सांत्वन करत होते, देवाला प्यारे झाले म्हणत होते. तू आली नाहीस. मला राग आला होता. कार्य उरकलं, पाहुणे गेले, आणि एका सकाळी खालून तुझी हाक. दारात उभी, हातात डबा. नमस्कार नाही, चेहरा पाडणं नाही. "चल," एवढंच. खडपावर बसलो आणि मी जी रडायला लागले ती थांबेचना. तू माझ्या पाठीवर हात नाही ठेवलास, पाणी नाही दिलंस. खूप वेळाने म्हणालीस, "शालन, तुझा दोर ओढतोय." खरंच ओढत होता. मी नाक पुसलं आणि दोर धरला. त्या दिवसापासून मी पुन्हा जेवायला लागले. थँक्यू म्हणायचं राहिलं, कारण म्हटलं असतं तर तू मास्तरणीसारखं बघितलं असतंस. आता म्हणते. बघ हवं तसं.

तर काल तुझी शोकसभा झाली. छोटा हॉल होता, पण माणसं उभी राहिली होती. तुझ्या शाळेतल्या एका बाईंनी परिचय करून दिला. शिस्तप्रिय, मनमिळाऊ, इथपर्यंत ठीक. मग म्हणाल्या, "कुमुदताईंना वाचन, विणकाम, बागकाम आणि अध्यात्म यांची आवड होती." बागकाम! तुझ्या हातून कुंडीतली तुळससुद्धा वाळायची. मला खुर्चीवर बसवेना. मला वाटलं, आत्ता गप्प बसले तर ही बागकामवाली बाईच खरी ठरेल. तिला हार घालतील, वर्षश्राद्धाला तिचीच आठवण काढतील, आणि माझी कुमुद कुठे होतीच नाही असं होईल. तू एकदा मेलीस ते माझ्या हातात नव्हतं. हे होतं.

आणखी कोणाला दोन शब्द बोलायचेत का, असं विचारल्यावर मी उठले. माईक हातात घेतला आणि म्हटलं, "मी शालन. मी कारकून होते, ते सोडा. मी लहानपणापासून गरवते. आणि निवृत्त झाल्यापासून कुमुद रोज माझ्या शेजारी बसून गरवायची. माझ्यापेक्षा चांगली गरवायची. एकही मासा तिने कधी मारला नाही, सगळे परत सोडले, आणि त्यावरून आम्ही भांडायचो. तिच्या घरी हे ठाऊक नाही. तिला सांगायचं नव्हतं. मी तिचं काही सांगत नाहीये. मी माझी ओळख सांगतेय, त्यात ती येते, त्याला माझा इलाज नाही."

तुझे दीर नाना उठून उभे राहिले. "कुमुदवहिनी? मासे? काहीतरी गैरसमज होतोय बाई तुमचा." मी म्हटलं, "नाना, माणसं चुकतात, पण इतकी वर्षं शेजारी बसलेल्या बाईला ओळखायला मी चुकणार नाही." मागून कोणीतरी फिसकन हसलं. नाना बसले, पण तोंड फिरवून. ती नणंद माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी हॉलमध्ये मासळीची टोपलीच घेऊन आलेय. बघू दे. मी माझ्या जागेवर जाऊन बसले. रागावली असशील तर रागाव. मी पुन्हा तेच करीन.

सगळे पांगायला लागले तेव्हा मिलिंद आला. गो, चालण्यात अगदी तुझ्यावर गेलाय. मला वाटलं, आता हा ऐकवणार. मी पदर सावरून तयारीतच उभी होते. त्याने मधली खुर्ची बाजूला सरकवली. मग म्हणाला, "मावशी, आई तिथे काय करायची? म्हणजे, मासे पकडत नसायची तेव्हा?"

मी म्हटलं, "शिट्टी वाजवायची."

"आई?"

"जुनी सिनेमातली गाणी. सुरात. वारा असला तर जोरात."

तो खाली बघून हसला आणि हसता हसता त्याचा चेहरा मोडला. रुमाल काढला. म्हणाला, "बाबा गेल्यावर आई घरात गुणगुणायचीसुद्धा बंद झाली होती. आम्हाला वाटायचं, संपलं तिचं सगळं. आम्हीच तिला कुठे काही देऊ शकलो नाही असं वाटत राहिलं." मी त्याच्या दंडाला धरून उभी राहिले. ओळखीच्या बाईसारखी नाही. दोघं मिळून पोटभर रडलो, त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांमध्ये.

मग त्याने डोळे पुसले आणि विचारलं, "मला ती जागा दाखवाल? एकदाच. मी नुसता बसेन तिथे."

काय सांगू तुला, हो म्हणणारच होते. तोंडापर्यंत आलं होतं. लेक आहे तुझा, आणि रडवेला. पण गरवणारं माणूस आपली जागा कोणाला सांगत नाही. सख्ख्या भावाला सांगत नाही, मरताना सांगत नाही. माझ्या बापाने मला सांगितली नव्हती त्याची. आज मी मिलिंदला नेलं तर उद्या तो अनुजाला आणेल, परवा नातवंडं येतील, मग नाना येतील तिथे फूल वाहायला आणि कोणीतरी फोटो काढेल.

"नाही," मी म्हटलं. "माझं होतं तेवढं मी सांगितलं. जागा तिची आहे."

मग हळूहळू त्याने मान हलवली. "बरं," म्हणाला, आणि वाकून माझ्या पाया पडला.

उद्या सुकती सकाळी लवकर लागते, पाणी उतरलं की खडप उघडं पडेल. मुलाने फोनवर बजावलंय, आता एकटीने जायचं नाही. मी जाणार आहे. तुझी काठी माझ्याकडे आहे, तीही घेऊन जाणार आहे. वाटेत कोणी विचारलं, "कुठे निघालीस शालन?" तर चारचौघांत मोठ्याने सांगेन, गरवायला.

कुठल्या खडपात, ते विचारू नये.